अंधार सरकारचा, जनरेटर आमच्या खर्चाचा



तालुक्याच्या बाजारात बियाण्याच्या दुकानाला लागून आता इन्व्हर्टर, बॅटरी आणि जनरेटरची दुकाने उभी आहेत. कापसाची पट्टी खिशात घालून शेतकरी आत गेला, की दुकानदार विचारतो, "किती केव्हीएचा दाखवू?" हा प्रश्न दुसरा झाला. पहिला प्रश्न दुकानदार विचारत नाही आणि आपणही विचारत नाही. खांब कंपनीचे, तारा कंपनीच्या, मीटर कंपनीचे आणि दर महिन्याचे बिलही कंपनीचे. मग माझ्या घरात दिवा लावण्यासाठी मी माझा वेगळा वीजकारखाना का काढायचा?

या लेखात दोन्ही प्रश्न घेतले आहेत. जनरेटर घ्यायचा की नाही, घेतला तर कोणत्या इंधनावरचा, याचा रोकडा हिशोब दिला आहे. हा खर्च मुळात कोणाचा, हेही स्पष्ट सांगितले आहे. हिशोब न मांडता यंत्र घेणारा दोनदा लुटला जातो. एकदा कंपनीकडून, दुसऱ्यांदा पेट्रोल पंपावर.

वीज आमच्या मुलखात, उजेड दुसऱ्याच्या

राज्याची औष्णिक वीज कुठे तयार होते ते पाहा. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, परळी, भुसावळ. बहुतेक केंद्रे कापूस आणि ज्वारीच्या मुलखातली. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. कोळसा इथला, पाणी इथले, राख पडते तीही इथल्याच पऱ्हाटीवर. उच्च दाबाच्या तारा आमच्या शेतावरून जातात. खाली शेतवस्तीत माय कंदील पुसत बसलेली असते.

२००३ साली नवा वीज कायदा आला. २००५ साली वीज मंडळाचे तुकडे होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. स्पर्धा येईल, सेवा सुधारेल, असे सांगितले गेले. गावाच्या वाट्याला आली ती भारनियमनाची वर्षे. त्याच काळात, २००६ साली, पुणे शहरासाठी वेगळी तोड निघाली. कारखान्यांनी टंचाईच्या तासांना आपापले जनरेटर चालवायचे, त्यातून वाचलेली वीज शहराला द्यायची आणि डिझेलचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांमध्ये युनिटमागे वाटून घ्यायचा. वीज नियामक आयोगाने त्याला मंजुरी दिली. शहराचा अंधार जनरेटरने दूर करायचा ठरला, तेव्हा खर्च वाटून घेण्याची व्यवस्था आठवड्या-महिन्यांत उभी राहिली. खेड्यातला शेतकरी जनरेटर घेतो, तेव्हा सगळा खर्च त्याच्या एकट्याच्या डोक्यावर.

पुढचे ऐका. केंद्र सरकारने २०२० साली वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केले. त्यात सर्व ग्राहकांना चोवीस तास वीज देण्याचे बंधन वितरण कंपनीवर घातले. शेतीसारख्या काही वर्गांना कमी तास देण्याची मुभा मात्र ठेवली. २०२२ साली याच नियमांत दुरुस्ती झाली. ती सांगते, की विशेषतः महानगरांत आणि मोठ्या शहरांत प्रदूषण वाढते आहे, म्हणून डिझेल जनरेटर लावण्याची गरजच पडू नये असा अखंड पुरवठा कंपनीने करावा. म्हणजे जनरेटरचा धूर शहराच्या नाकात गेला, की तो प्रश्न होतो. आमच्या ओसरीवर धूर झाला, की तो आमचा घरगुती खर्च होतो. इंडिया आणि भारत यांतला फरक समजून घ्यायला जाडजूड पोथी लागत नाही. एवढी एक दुरुस्ती पुरे.

शेतात राहणाऱ्यांची तर आणखी वेगळी गंमत. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तास. बाकी वेळ सिंगल फेज असली तर असली. शेतवस्तीवरचे घर मीटरने घरगुती असते, बिल घरगुती दराने भरते, पण तार शेतीची. हक्क चोवीस तासांचा आणि वीज उरलीसुरली. आता भारनियमन हा शब्द कागदावर फारसा दिसत नाही. त्याच्या जागी बिघाड, देखभाल, डीपी जळाली, फेज गेला, दाब कमी आहे असे पाच शब्द आले. अंधार तोच आहे.

फुकट विजेचे गाजर

कोणी म्हणेल, सरकारने शेतीची वीज फुकट केली ना? केली. एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकार भरणार, अशी योजना आहे. पण ज्याच्या शेतात विहीर नाही, बोअर नाही, पंप नाही, त्या कोरडवाहू माणसाला त्यातून काय मिळाले? त्याच्याकडे विजेची एकच जोडणी, घराची. तिचे बिल तो वहन आकार, स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्कासकट पुरे भरतो.

आणि ज्यांना फुकट मिळते, त्यांनीही विचार करावा. फुकट विजेची तक्रार करता येत नाही. दाब कमी का, असे विचारले की वायरमन म्हणतो, पैसे भरता का? फुकट वीज म्हणजे तोंड बंद ठेवण्याचे भाडे. आमचे म्हणणे जुनेच आहे. विजेचा वाजवी दाम घ्या, पूर्ण दाबाची वीज वेळेवर द्या, आणि आमच्या मालालाही घामाचा दाम मिळू द्या.

जनरेटर म्हणजे घरातली उलटी पट्टी

कांद्याची उलटी पट्टी सर्वांना माहीत आहे. माल विकून शेतकऱ्यानेच खिशातून पैसे भरायचे. जनरेटर हीच घरातली उलटी पट्टी आहे. विजेचे बिल भरायचे आणि न मिळालेल्या विजेसाठी पुन्हा पैसे मोजायचे. वही काढा.

एक केव्हीएचा छोटा पेट्रोल जनरेटर पूर्ण लोडवर चालला, तर एका लिटरला दीड युनिटच्या आसपास वीज देतो. पेट्रोल १०५ रुपये धरले, तर युनिट पडले ७० रुपयांना. पण घरी पूर्ण लोड कधीच नसतो. अर्ध्या लोडवर तेच युनिट शंभराच्या आसपास जाते. कंपनीची पहिल्या शंभर युनिटांची वीज वहन आकार धरून सहा रुपयांच्या आसपास.

समजा, जनरेटर ५० हजारांचा घेतला आणि तो दहा वर्षे चालला. वर्षाला २०० तास वापरला, तासाला अर्धा युनिट. म्हणजे वर्षाला १०० युनिट. पेट्रोल १०,००० रुपये, यंत्राची झीज ५,०००, ऑइल-प्लग-दुरुस्ती १,०००. एकूण १६,००० रुपयांत १०० युनिट. युनिटला १६० रुपये. हीच वीज तारेतून आली असती तर ६०० रुपयांत. फरक १५,४०० रुपयांचा.

२०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये ठरला. म्हणजे दरवर्षी दोन क्विंटल कापूस नुसता अंधार हटवण्यात गेला, आणि तोही हमीभाव पदरात पडला तर. ५० हजारांचे यंत्र म्हणजे साडेसहा क्विंटल कापूस. कोरडवाहू एकरी चार क्विंटल धरला, तर दीड एकराहून जास्त रानाची वर्षाची कमाई, तीही खर्च वजा न करता. संकरित ज्वारीवाल्यांसाठी सांगायचे तर ३,६९९ रुपयांच्या हमीभावाने साडेतेरा क्विंटल ज्वारी.

हा खर्च कृषिमूल्य आयोगाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. तो उत्पादन खर्च नाही, म्हणून भावात येत नाही. तो वीजखर्च नाही, म्हणून बिलात दिसत नाही. शरद जोशींनी उणे सबसिडीचा हिशोब मांडायला शिकवले. त्या हिशोबात आता ही एक ओळ वाढवा.

तरीही लागतेच, तर काय घ्यायचे?

अंधार परवडतो असे आम्ही म्हणत नाही. शेतवस्तीवर रात्री पायाखाली साप असतो. दहावीचे पोर मार्चमध्ये अभ्यासाला बसलेले असते. फोन बंद पडला, तर बाळंतिणीसाठी गाडी बोलावता येत नाही. म्हणून सोय करावी लागतेच. पण आधी लोड मोजा, मग दुकानात जा.

नऊ वॅटचे पाच एलईडी दिवे, म्हणजे ४५ वॅट. साधा पंखा ७५ वॅट, नवा कमी विजेचा पंखा ३० ते ३५ वॅट. फोनचे चार्जिंग १०-२० वॅट. घरगुती पीठगिरणीची एक अश्वशक्तीची मोटर सुमारे ७५० वॅट, आणि सुरू होताना ती काही क्षण कितीतरी पट जास्त ओढते. म्हणून एक अश्वशक्तीच्या मोटरीला अडीच-तीन केव्हीएचा संच लागतो. पाच अश्वशक्तीच्या थ्री फेज पंपाला तर दहा केव्हीएच्या वरचा. दुकानदार पंपाच्या मापाचा संच घराच्या दिव्यांसाठी गळ्यात मारतो. शहरातल्या इमारतीतून निघालेला १५ केव्हीएचा जुना संच स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. दोनशे वॅटच्या लोडवर तो डिझेल पितो, काजळी धरतो आणि गचके खात मरतो.

दिवे, पंखे, फोन एवढेच असेल, तर जनरेटर घेऊच नका. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी कागदावर १.८ युनिटची. तिचे आयुष्य टिकवायचे तर त्यातले एक युनिट काढावे. पाच दिवे, कमी विजेचे दोन पंखे आणि फोन मिळून १३५ वॅट. सात तास चालतात. तेच साधे पंखे असले, तर पाच तासांतच बॅटरी उतरते. म्हणून इन्व्हर्टरच्या आधी पंखे बदला. पण नुसता इन्व्हर्टर तारेच्या विजेवरच भरतो. लाइन दोन दिवस गेली, की तोही उपाशी, आणि अर्धपोटी राहणारी बॅटरी लवकर मरते. तिला भरायला ३३० वॅटचे एक सोलर पॅनेल लावा. आपल्याकडे स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यातून बॅटरीत साधारण एक युनिट जमा होते. पावसाळ्यात निम्मे धरा. ऊन विकायचा परवाना अजून कोणाला मिळालेला नाही, तोवर ते वापरून घ्या.

छतावरच्या सोलरच्या सरकारी योजनेबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती इथे सांगतो. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यावर ७८ हजार रुपये अनुदान ठरले. बिल कमी होते, हे खरे. पण तारेला जोडलेली ही नेहमीची यंत्रणा लाइन गेली की स्वतःही बंद पडते. तशी ती बनवलीच आहे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. भर दुपारी छतावर ऊन आणि घरात पंखा बंद. लाइन गेल्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी असेल, तर तो जादा खर्च आपला. सही करण्याआधी विक्रेत्याला एवढेच विचारा, "लाइन गेल्यावर चालते का?" आणि उत्तर लेखी घ्या.

इंधनांची झडती

गिरणी, कडबाकुट्टी, पिण्याच्या पाण्याची मोटर चालवायची असेल, तर इंजिनाला पर्याय नाही. मग इंधन कोणते?

पेट्रोल: यंत्र हलके, बाईलाही दोरी ओढून सुरू करता येते. पण युनिट सर्वांत महाग. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओल धरते. महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल ठेवले, तर कार्बोरेटर चिकटतो आणि ऐन गरजेला यंत्र सुरू होत नाही. काम झाले की टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा.

डिझेल: यंत्र जड, आवाज मोठा, पण लिटरला वीज जास्त. आपल्यापैकी कित्येकांच्या गोठ्यात पाच अश्वशक्तीचे जुने ऑइल इंजिन गंजत पडले आहे. नवा जनरेटर घेण्याआधी त्याच्याकडे बघा. पट्ट्यावर तीन केव्हीएचा अल्टरनेटर बसवला, तर पूर्ण लोडवर लिटरला अडीच युनिटच्या आसपास मिळते. डिझेल ९० रुपये धरले, तर युनिट ३६ रुपये. मेकॅनिक गावातलाच, सुटे भाग तालुक्याला. पण त्याच इंजिनावर नुसते दिवे लावले, तर युनिट २०० रुपयांवर जाते. म्हणून इंजिन तास-दोन तास लावा, दळण, कुट्टी, पाणी एकदम उरकून घ्या, त्याच वेळी बॅटरीही भरा, आणि बंद करा.

रॉकेल: पूर्वी पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे संच मिळत. रेशनचे स्वस्त रॉकेल संपले. २०२१-२२ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात त्याच्या अनुदानाला तरतूदच उरली नाही. असा जुना संच कोणी स्वस्तात देत असेल, तर नको म्हणा.

सिलिंडरचा गॅस: धूर कमी, इंधन खराब होत नाही. पण स्वयंपाकाचा १४.२ किलोचा सिलिंडर इंजिनाला लावणे बेकायदा आहे. व्यापारी सिलिंडर घ्यावा लागतो, आणि तो खेड्यात वेळेवर मिळेलच असे नाही.

गोबरगॅस: २५ किलो शेणाला एक घनमीटर गॅस, आणि एक घनमीटर गॅसला इंजिनावर सव्वा ते दीड युनिट. दोन बैल आणि एक गाय असलेल्या घराचे दिवसाचे शेण म्हणजे दीड युनिट. शिवाय शेणाएवढेच पाणी, जे एप्रिलमध्ये प्यायलाही नसते. हा गॅस चुलीवर सोन्याच्या मोलाचा आहे, इंजिनात मातीमोल. तो स्वयंपाकघरातच राहू द्या.

जिवाची गोष्ट

तीन गोष्टींत काटकसर करू नका. पहिली, चेंजओव्हर स्विच. तो न लावता जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, तर वीज उलटी खांबावर जाते, आणि डीपीवर काम करणारा वायरमन मरतो. तो कंपनीचा नोकर असला तरी कोणा शेतकऱ्याचाच पोरगा आहे. दुसरी, धूर. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. खोलीत, ओसरीच्या कोपऱ्यात, खिडकीखाली यंत्र लावले, तर झोपलेले घर उठत नाही. तिसरी, कापूस. भाव वाढेल म्हणून आपण कापूस घरात छतापर्यंत भरून ठेवतो. त्या खोलीच्या आसपास इंजिन नको, डिझेलचा कॅन नको, बॅटरी नको. गरम सायलेन्सरवर बोंडभर कापूस उडून पडला, तरी वर्षाची कमाई जळते.

वही काढा

आता मूळ प्रश्नाकडे या. जनरेटर ही आपली हौस नाही, न दिलेल्या विजेचा तो दंड आहे आणि तो चुकीच्या माणसाकडून वसूल होतो आहे. दंड योग्य माणसाकडून घ्यायचा, तर पुरावा लागतो. वीज कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे सेवेची मानके ठरतात आणि ती पाळली नाहीत, तर कंपनीने ग्राहकाला भरपाई द्यायची असते. तार तुटली, डीपी जळाली, तर किती वेळात दुरुस्त करायची, याच्या मुदती आयोगाने ठरवून दिल्या आहेत. आपण मागत नाही, म्हणून कंपनी देत नाही. वर्गणी काढून, ट्रॅक्टर जोडून, डीपी आपणच तालुक्याला नेतो, आणि साहेबांचे आभार मानून परत येतो.

जिल्हा मेळाव्यापुढे हे चार ठराव ठेवत आहोत. वाचा, वाद घाला, दुरुस्त करा.

१. प्रत्येक गावात एक वीज-वही ठेवावी. लाइन कधी गेली, कधी आली, तक्रार क्रमांक काय, त्या दिवशी गावात किती लिटर पेट्रोल-डिझेल दिव्यासाठी जळले, हे रोज लिहावे. वही एका माणसाची नसावी. आठवड्याला पाच जणांच्या सह्या असाव्यात.

२. मुदत चुकली की भरपाईचा अर्ज द्यावा. उत्तर आले नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तिथून विद्युत लोकपालाकडे जावे. एकट्याने जाऊ नये, गावाने जावे.

३. शेतवस्तीवरच्या घरगुती मीटरला गावठाणाच्या फीडरची वीज किंवा तेवढ्याच तासांचा पुरवठा मिळावा. घरगुती दर घेता, तर घरगुती हक्क द्या.

४. फुकट वीज आम्ही मागत नाही. शहराला अखंड वीज देताना जो नियम लावता, तोच खेड्याला लावा. तो लागू होईपर्यंत बिलाच्या वसुलीसाठी तोडणीला येणाऱ्या पथकाला आधी वीज-वही दाखवावी, आणि कंपनीकडून येणे असलेली भरपाई बिलातून वळती करून मगच बाकी मागावी, असे लेखी कळवावे.

जनरेटर कोणी घेईल, कोणी घेणार नाही. ज्याचा त्याचा हिशोब. वही मात्र प्रत्येक गावाने घ्यायची आहे. पुढच्या तालुका बैठकीला येताना ती सोबत आणा, आणि गेल्या महिन्याचे पान भरलेले असू द्या.